व्यवसायोपचार : रुग्णसेवेतून आत्मपरीक्षणाकडे

अपघात, अर्धांगवायू, संधिवात किंवा जन्मजात अपंगत्व यांमुळे माणसाचे केवळ अवयव दुबळे होतात असे नाही. त्याचे दैनंदिन जीवनच विस्कळीत होते. स्नान, भोजन, लेखन, घरकाम आणि चरितार्थाचा उद्योग ही कामे त्याला पुन्हा करता यावीत, यासाठी कामाचाच उपचार म्हणून योजनापूर्वक उपयोग करणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार होय. येथे ‘व्यवसाय’ या शब्दाचा अर्थ नोकरी अथवा धंदा एवढाच नाही. बालकाचे खेळणे, विद्यार्थ्याचे लिहिणे, वृद्धाचे स्वतःच्या हाताने जेवणे हेही त्यांचे त्यांचे व्यवसायच होत.

मुंबईतील प्रारंभ

या शास्त्राच्या भारतातील शिक्षणाचा पाया महाराष्ट्रात घातला गेला. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि विवाहानंतर भारताला आपला देश मानणाऱ्या श्रीमती कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू झाले. आशियातील अशा प्रकारचे हे पहिले विद्यालय मानले जाते. १९५२ साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी जागतिक महासंघाची स्थापना झाली व त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश होता.

जोहे येथील मूर्तिकामाचे उदाहरण

या उपचारपद्धतीचे मर्म समजण्यासाठी रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याकडे पाहता येईल. गणेशमूर्तींसाठी ख्यातनाम असलेल्या या तालुक्यात पेण शहराप्रमाणेच जोहे, हमरापूर या गावांतही मूर्तिशाळा आहेत. साच्यात माती दाबणे, जड मूर्ती हलविणे, पृष्ठभाग घासून गुळगुळीत करणे, रंग देणे आणि अखेरीस डोळ्यांची आखणी करणे, अशी ही कामाची साखळी असते. त्यातील पुष्कळसे काम खाली बसून व मान वाकवून, तासन् तास करावे लागते.

समजा, आखणी करणाऱ्या एखाद्या कारागिराचा उजवा हात अर्धांगवायूने दुबळा झाला. रुग्णालयात त्याच्या हाताची पकड व सांध्यांची हालचाल मोजता येते. ही मापे सुधारली की उपचार सफल झाल्याची नोंद होऊ शकते. परंतु मूर्तीच्या डोळ्याजवळ कुंचला स्थिर राहत नसेल, तर कारागिराच्या दृष्टीने तो बरा झालेला नसतो. गणेश चतुर्थी कोणासाठी थांबत नाही. हंगाम हुकला तर कुटुंबाच्या वर्षभराच्या मिळकतीलाच धक्का बसतो.

अशा वेळी व्यवसायोपचारतज्ज्ञ कामाचे पृथक्करण करतो. कुंचल्याची दांडी कापड गुंडाळून जाड करणे, कोपराला लाकडी आधार देणे, मूर्ती चौरंगावर ठेवून नजरेच्या पातळीवर आणणे असे साधे उपाय तो योजतो. प्रथम मोठ्या भागांचे रंगकाम आणि मग बारीक रेषा, असा क्रम ठरविला जातो. शाडूची माती मळणे हाच बोटांचा व्यायाम ठरतो. माती प्रथम मऊ व पुढे घट्ट घेतली, की श्रमाचे प्रमाण क्रमाक्रमाने वाढविता येते.

अनुभवातून संशोधन

मात्र हे उपाय कोणत्याही एका पुस्तकात तयार मिळत नाहीत. म्हणूनच आपल्या कामाचे परीक्षण ही तज्ज्ञाच्या दृष्टीने औपचारिकता नसून गरज ठरते. रुग्णाला नेमके कोणते काम महत्त्वाचे वाटत होते? आपण त्याला विचारले, की स्वतःच ठरविले? घरी गेल्यावर दिलेले साधन वापरले गेले, की कोपऱ्यात पडून राहिले? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे लिहून ठेवल्यास पुढील रुग्णाला त्यांचा लाभ होतो.

संशोधनाची सुरुवातही येथूनच होते. एखादे काम पूर्ण करण्यास उपचारापूर्वी किती वेळ लागत होता व नंतर किती लागला, वेदना किती घटल्या, रुग्ण स्वतः किती समाधानी आहे, यांच्या नियमित नोंदी ठेवल्या तर उपचाराचा परिणाम तपासता येतो. एका रुग्णाच्या नोंदीवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही. तथापि अनेक ठिकाणी एकाच पद्धतीने ठेवलेल्या नोंदी एकत्र आल्या म्हणजे अनुभवाला शास्त्राचे बळ मिळते. या प्रक्रियेत तज्ज्ञाचीही वाढ होते. मातीचा ओलावा आणि कुंचल्याचा दाब कारागिराला अधिक कळतो, हे मान्य करणारा तज्ज्ञच त्याच्याकडून शिकू शकतो.

गावपातळीवरील कर्तव्य

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये मान्यताप्राप्त अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि दारिद्र्य निर्मूलन व विकास योजनांत ५ टक्के आरक्षणाची तरतूद झाली. तिचा लाभ योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचविण्यात पंचायत सदस्यांचा वाटा मोठा आहे. लेखणी धरताना सतत अडखळणाऱ्या मुलाला आळशी न ठरविता त्याची तपासणी करून घेणे, हे शिक्षकांना सहज शक्य आहे. रुग्णालयातून घरी परतलेल्या कारागिराला केवळ अनुदान नव्हे, तर त्याच्या कामाची जागा व साधने त्याला अनुरूप करून देणे, हे खरे पुनर्वसन होय. तज्ज्ञाचे ज्ञान, कारागिराचा अनुभव आणि गावाचे सहकार्य यांची सांगड जेथे बसेल, तेथे दुबळा झालेला हातही पुन्हा कर्ता होईल.