गाडी स्टार्ट होत नाही? आधी तिचा आवाज ऐका
गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोंदिया जिल्ह्यात गाडीला तिन्ही ऋतू तीव्रतेनं सोसावे लागतात. मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो, पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी येतं, आणि डिसेंबर-जानेवारीत विदर्भातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या बातमीत गोंदियाचं नाव वारंवार असतं. अशा थंडीत सकाळी गाडीनं दगा दिला की शेजारीपाजारी गोळा होतात आणि प्रत्येकाकडे एक उपाय असतो. त्यातले काही उपाय गाडीचं नुकसान करतात, तर काही माणसालाही धोक्यात घालतात. त्यामुळे हे गैरसमज एकेक करून तपासलेले बरे.

गैरसमज : हेडलाइट लागतात, म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे.

वस्तुस्थिती : दोन साध्या हॅलोजन हेडलाइटना साधारण 9-10 अँपिअर वीज पुरते. सेल्फला मात्र इंजिन फिरवताना शंभराहून अधिक अँपिअर लागतात. त्यामुळे दिवे लावणारी बॅटरी सेल्फ फिरवू शकेलच असं नाही. हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंद झाले आणि ‘टक-टक-टक’ असा आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे तेजस्वीच राहिले आणि एकच ‘टक’ ऐकू आली, तर संशय सेल्फवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर घ्यावा. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, असं असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. बिघाड इंधनात, ठिणगीत किंवा एखाद्या सेन्सरमध्ये शोधावा लागेल.

मिस्त्रीकडे मल्टिमीटर असतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. 12 व्होल्टच्या खाली आकडा गेला, तर ती जवळपास रिकामी समजावी. नवी बॅटरी विकत घेण्याआधी टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट थर साफ करून, नट घट्ट करून पाहा. कधी कधी दुरुस्ती एवढ्यावरच संपते.

गैरसमज : थंडीनं बॅटरी मरते.

वस्तुस्थिती : बॅटरीचं आयुष्य मुख्यतः उन्हाळा खातो. उष्णतेमुळे आतली रासायनिक झीज वाढते आणि पाणी कमी होतं. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, इंजिन ऑइल घट्ट होतं आणि सेल्फवर ताण येतो. मेमध्ये खचलेल्या बॅटरीचं पितळ डिसेंबरात उघडं पडतं ते यामुळेच. त्यामुळे दिवाळीच्या सुमारास बॅटरी तपासून घ्या, विशेषतः ती तीन-चार वर्षांची झाली असेल तर. पाणी घालण्याची सोय असलेल्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी घाला. नळाचं पाणी किंवा आम्ल कधीही घालू नका.

गैरसमज : कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठतं, म्हणून गाडी उठत नाही.

वस्तुस्थिती : लडाखमध्ये ही खरी अडचण आहे. म्हणून इंडियन ऑइलनं 2019 मध्ये तिथल्या हवामानासाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. गोंदियाच्या 7-8 अंशांत ही भीती बाळगण्याचं कारण नाही. इथं डिझेल गाडी अडते ती बहुधा अशक्त बॅटरीमुळे किंवा ग्लो प्लग बिघडल्यामुळे. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं चिन्ह उजळतं. ते विझेपर्यंत थांबा आणि मगच सेल्फ मारा.

गैरसमज : अ‍ॅक्सिलरेटर दाबत सेल्फ मारत राहायचं, कधीतरी उठेलच.

वस्तुस्थिती : हे कार्बोरेटरच्या जमान्यातलं ज्ञान आहे. आता किती इंधन सोडायचं ते गाडीचा संगणकच ठरवतो. पाय बाजूला ठेवा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. न थांबता मारलेल्या सेल्फनं बॅटरी तर संपतेच, शिवाय सेल्फची वाइंडिंगही जळू शकते.

गैरसमज : धक्का मारला की कोणतीही गाडी सुरू होते.

वस्तुस्थिती : ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं सुरू होत नाही. गिअरच्या गाडीतही पंपाला आणि संगणकाला चालवण्याइतकी वीज बॅटरीत हवी. एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 पेट्रोल गाड्यांत तर न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होण्याचा धोका असतो. त्यापेक्षा जंपर केबल बरी, पण क्रम पाळूनच. लाल केबल आधी बंद गाडीच्या धन टोकाला आणि मग चालू गाडीच्या धन टोकाला लावा. काळी केबल चालू गाडीच्या ऋण टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावा. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिच्याजवळ ठिणगी उडाली, तर स्फोट होऊ शकतो.

गैरसमज : चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून पाहिलं की अल्टरनेटर कळतो.

वस्तुस्थिती : असं करून दाखवणाऱ्यांना नम्रपणे थांबवा. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळतं आणि महागडा संगणक जळू शकतो. त्याऐवजी इंजिन सुरू असताना मल्टिमीटर लावा. साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसले, तर अल्टरनेटर चार्ज करतोय.

गैरसमज : पुराच्या पाण्यात बंद पडली, तर लगेच पुन्हा स्टार्ट करून बाहेर काढावी.

वस्तुस्थिती : यात सर्वांत मोठं नुकसान होतं. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल, तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एका सेल्फमध्ये इंजिन निकामी होऊ शकतं. पाण्यात गाडी बंद पडली की चावीला हात लावू नका, ढकलून किंवा टो करून बाहेर काढा. इंजिन संरक्षणाचं वेगळं कवच घेतलं नसेल, तर अशा नुकसानीचे पैसे विमा कंपनी सहसा देत नाही.

गैरसमज : काल चालू होती, आज बंद, म्हणजे मोठाच बिघाड.

वस्तुस्थिती : अनेकदा कारण साधं असतं. बटन स्टार्टच्या गाडीत क्लच किंवा ब्रेक पूर्ण दाबावा लागतो, ऑटोमॅटिकमध्ये गिअर पार्क किंवा न्यूट्रलवर असावा लागतो. चावीतला सेल संपला असेल, तर अनेक गाड्यांत चावीच बटनाला टेकवून चालते. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल, तर इमोबिलायझर चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी वापरून पाहा. आणि धानाचा जिल्हा म्हटला की उंदीर आलेच. पोत्यांजवळ किंवा राईस मिलच्या आवारात गाडी उभी राहत असेल, तर बॉनेट उघडून कुरतडलेल्या वायर पाहा. तंबाखू, डांबरगोळ्या यांच्यावर भिस्त ठेवू नका. उजेडात गाडी लावणं आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडणं जास्त उपयोगी पडतं.

शेवटची गोष्ट सुरक्षिततेची. सडक अर्जुनी, कोहमारा आणि देवरीवरून छत्तीसगडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर नवेगाव-नागझिऱ्याला जोडणारं जंगल लागतं आणि जड वाहतूक दिवसरात्र चालते. तिथं अंधारात गाडी बंद पडली, तर धक्का मारायला खाली उतरू नका. शक्य तितकी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा. वाहतूक बघून, उतरणं सुरक्षित असेल तरच इशाऱ्याचा त्रिकोण मागं ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 आणि आपत्काळासाठी 112 हे क्रमांक मोबाइलमध्ये आजच साठवून ठेवा. जंपर केबल, टॉर्च आणि डिकीतला त्रिकोण यांची खात्री करूनच गाडी बाहेर काढा.