उभ्या प्रवाळकड्यावरील छायाचित्रण
समुद्राचे अंतरंग : लेखांक सातवा

इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या उत्तर टोकाला, मानाडो शहरासमोर बुनाकेन, मानाडो तुआ, सिलादेन, मांतेहागे आणि नाईन ही बेटे असून त्यांच्याभोवतालचा समुद्र १९९१ पासून राष्ट्रीय सागरी उद्यान म्हणून संरक्षित आहे. मागील लेखांकात वर्णन केलेले प्रवाळखडक उथळ पाण्यात आडवे पसरलेले होते; बुनाकेनला मात्र किनाऱ्यालगतचा प्रवाळमंच काही मीटर खोलीवर एकाएकी संपतो आणि तेथून प्रवाळांचा उभा कडा खाली उतरतो. मानाडो आणि बेटे यांच्यामधील समुद्र हजार मीटरांहून अधिक खोल असल्याने पाणबुड्याच्या दृष्टीने या कड्याला तळ असा नाहीच.

अशा कड्यावर जीवसृष्टीची मांडणी प्रकाश आणि प्रवाह ठरवतात. ज्या प्रवाळांच्या ऊतींमध्ये सहजीवी शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषणातून त्यांना अन्न पुरवते, ते वरच्या उजळ भागात दाटीने वाढतात. खाली आणि कपारींच्या छायेत स्पंज, मृदू प्रवाळ व जाळीदार समुद्रपंखे आढळतात, कारण ते प्रामुख्याने प्रवाहाबरोबर वाहत येणारे सूक्ष्म अन्नकण टिपून जगतात. समुद्रपंख्याच्या फांद्यांवर जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा खुजा समुद्रघोडा राहतो, आणि त्याच्या अंगावरील गाठी त्या फांद्यांशी इतक्या मिळत्याजुळत्या असतात की, जवळून पाहूनही तो सहसा ओळखू येत नाही.

या जीवांचे खरे रंग तेथे उतरलेल्या माणसालाही दिसत नाहीत. पाणी प्रकाशातील तांबडा घटक सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे तो पहिल्या पाच ते दहा मीटरांतच बहुतांशी नाहीसा होतो, त्यामागून नारिंगी व पिवळा क्षीण होतात आणि खोलवर निळाच उरतो. म्हणूनच लालभडक स्पंज तीस मीटरांवर काळपट दिसतो. तो रंग परत मिळवायचा तर प्रकाश सोबत न्यावा लागतो. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळील ड्राय टॉर्टुगास बेटांपाशी विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालील पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, तेव्हा त्यांनी पृष्ठभागावर तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवून खालचे पाणी उजळले होते. आज ते काम कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना बसवलेले फ्लॅश करतात; परंतु फ्लॅशचा प्रकाशही विषयापर्यंत जाताना आणि परतताना पाण्यातूनच जात असल्याने मीटर-दीड मीटरपलीकडे त्याचा तांबडा घटक फारसा उरत नाही. शिवाय पाण्यात तरंगणारे कण त्या प्रकाशात उजळून चित्रभर पांढरे ठिपके उमटवतात, म्हणून फ्लॅश किंचित बाहेरच्या बाजूला वळवून ठेवतात. या दोन्ही कारणांनी पाण्याखालील छायाचित्रणाचा पहिला नियम विषयाच्या जवळ जाण्याचा आहे, आणि म्हणूनच संपूर्ण समुद्रपंखा चित्रात घेण्यासाठी रुंद कोनाचे भिंग वापरतात.

जवळ जाण्याच्या या गरजेतूनच कड्यावरची खरी अडचण सुरू होते. दर दहा मीटरांगणिक पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, त्यामुळे तीस मीटरांवर एकूण दाब चार वातावरणांचा होतो आणि टाकीतील हवा पृष्ठभागाच्या चौपट वेगाने संपते. दाबामुळे पाणबुड्याचा रबरी पोशाख आकसतो, त्यावरील प्लावक बल, म्हणजे पाण्याचा वर ढकलणारा जोर, कमी होतो, आणि पायाखाली तळ नसल्याने कॅमेऱ्यात गुंतलेला पाणबुडा नकळत खाली जात राहतो. हवेच्या जाकिटात आवश्यक तेवढीच हवा भरून आणि संथ, अखंड श्वासोच्छ्वासाने एकाच खोलीवर तरंगणे हे प्लावकतेचे नियंत्रण होय. स्थिर राहण्यासाठी श्वास रोखणे मात्र घातक आहे, कारण थोडेसे वर येतानाही कोंडलेली हवा प्रसरण पावून फुप्फुसांना इजा करू शकते. आणि आधारासाठी कड्याला धरणे किंवा त्यावर पाय टेकणे म्हणजे अनेक वर्षांत वाढलेला प्रवाळ क्षणात मोडणे.

अशा रीतीने उत्तम चित्र, पाणबुड्याची सुरक्षितता आणि प्रवाळांचे रक्षण या तिन्ही गोष्टी एकाच कौशल्यावर अवलंबून आहेत. मालवण-तारकर्लीला प्रशिक्षकाच्या आधाराने पहिली डुबकी घेऊन पुढे बुनाकेनसारख्या ठिकाणी जाऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकांनी आधी रीतसर प्रशिक्षण पूर्ण करावे, कॅमेऱ्याविना सराव करावा, आणि कशालाही हात न लावता पाण्यात स्थिर राहता येऊ लागल्यानंतरच कॅमेरा हाती घ्यावा.