विधी प्रवेश परीक्षा आणि परवडणारे ऑनलाइन वर्ग

बी.ए. झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न भिवंडीतील घरांत बहुधा हिशेबाच्या भाषेत विचारला जातो. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारे वडील किंवा गोदामात माल मोजणारा थोरला भाऊ 'वकील हो' असे मोठ्या अभिमानाने म्हणतात आणि त्याच दमात विचारतात, 'क्लासला किती पडतील?' गेल्या वर्षभरात आमच्या वर्गातील आम्ही चौघांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. निरनिराळ्या ऑनलाइन वर्गांचे फुकट नमुना-पाठ पाहिले, माहितीपत्रके वाचली आणि ग्रंथालयात बसून एका वहीत त्यांची तुलना मांडली. त्या वहीतील सार येथे देत आहे.

प्रथम परीक्षेविषयी. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी महाराष्ट्रात २०१६ पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची सी.ई.टी. द्यावी लागते. पूर्वी प्रश्न १५० असत, ते आता १२० झाले आहेत. वेळ दोन तास, म्हणजे मिनिटाला एक प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे हातचे घालवणे होय. परीक्षा संगणकावर होते आणि इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतूनही असतात.

आता गुणांची वाटणी पाहा. कायदेविषयक कल २४, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी ३२, तर्क व विश्लेषण २४ आणि इंग्रजी ४०. कायद्याच्या प्रवेश परीक्षेत कायद्याला अवघे २४ आणि इंग्रजीला ४०! वर्गांच्या जाहिराती मात्र काळा कोट आणि न्यायदेवतेचा तराजू यांनी भरलेल्या असतात. आपल्यासारख्या मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची खरी लढाई इंग्रजीच्या त्या ४० गुणांशी आहे. म्हणून नमुना-पाठ पाहायचाच, तर प्रथम इंग्रजीचा पाहावा, असे माझे मत झाले.

शोध घेताना आणखी एक गोंधळ होतो. 'लॉ एन्ट्रन्स' एवढे दोन शब्द टाकले की पडद्यावर 'क्लॅट'चे आणि 'एलसॅट'चेही वर्ग येतात. क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी ती देतात, प्रश्नपत्रिका इंग्रजीतून असते आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. एलसॅट तर मुळात अमेरिकेतील विधी महाविद्यालयांची परीक्षा. हे वर्ग वाईट असतात असे नव्हे, पण पदवीधराने त्यांत पैसे घालणे म्हणजे कल्याणला जायचे असता वसईची गाडी पकडण्यासारखे आहे.

वर्ग जुना की ताजा, हे ओळखण्याची आमची कसोटी सोपी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाच्या शिक्षेचे जुने कलम ३०२ गेले, त्याजागी १०३ आले. आबालवृद्धांच्या तोंडी असलेले 'चारसोबीस'ही आता ३१८ मध्ये गेले आहे. आम्ही पाहिलेल्या एका वर्गात गुरुजी अजून ३०२ हेच चालू कलम म्हणून शिकवीत होते आणि सराव परीक्षा १५० प्रश्नांची होती. ध्वनिचित्रफिती जुन्या, शुल्क मात्र नवे!

शिकवण्याचा दर्जा कसा ताडावा? कायदेविषयक प्रश्नांत बहुधा एक तत्त्व दिलेले असते आणि एक प्रसंग. उदाहरणार्थ, 'नोकराने कामाच्या ओघात केलेल्या नुकसानीस मालक जबाबदार असतो', हे तत्त्व. प्रसंग असा : गोदामाचा टेम्पोचालक सुटी झाल्यावर मालकाला न विचारता टेम्पो घेऊन मित्राच्या वरातीला गेला आणि वाटेत एकाला धडक दिली. मालक जबाबदार काय? दिलेल्या तत्त्वानुसार नाही, कारण ते काम मालकाचे नव्हते. 'उत्तर ब' एवढे सांगून पुढे जाणारा शिक्षक आपल्या कामाचा नाही. तोच चालक माल पोहोचवून परतताना थोडी वाट वाकडी करून चहाला गेला असता तर काय, असे जो विचारतो त्याच्याकडे शिकावे.

पैशाबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खाजगी वर्गांच्या शुल्कावर १८ टक्के वस्तू व सेवा कर असतो. जाहिरातीत ५,००० रुपये दिसले आणि खाली बारीक अक्षरांत 'कर वेगळा' असले, तर खिशातून ५,९०० जातात. दुसरी गोष्ट 'सोप्या हप्त्यां'ची. कित्येकदा हे हप्ते म्हणजे वडिलांच्या नावाने घेतलेले वित्तसंस्थेचे कर्ज असते. वर्ग सोडला तरी कर्ज सुटत नाही. सही करण्यापूर्वी परताव्याची अट लेखी मागावी. यशस्वी विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांनीही भुलू नये. २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, यशस्वी विद्यार्थ्याने कोणता वर्ग केला, किती काळ केला आणि पैसे भरून केला की फुकट, हे जाहिरातीत सांगणे बंधनकारक आहे. छायाचित्राखाली ते नसेल तर शंका घ्यावी.

आपल्या गावची अडचण निराळीच. घरात एक फोन आणि त्यावर तीन भावंडे. संध्याकाळी थेट तासाला बसावे तर शेजारच्या मागांचा खडखडाट. म्हणून धडा उतरवून घेऊन पहाटे पाहता येईल असाच वर्ग आम्ही बाजूला काढला. सराव परीक्षा मात्र फोनवर देऊ नये. ती महाविद्यालयाच्या संगणक कक्षात, घड्याळ लावून द्यावी.

सगळ्यांनाच विकतचा वर्ग लागतो असेही नाही. १८५५ मध्ये स्थापन झालेल्या आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्याचे प्राचार्य होते त्या मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात जायचे असेल, तर एकेका गुणासाठी झुंज आहे. इतर पुष्कळ ठिकाणी तेवढी चुरस नसते. मागील वर्षीच्या प्रवेशाच्या याद्या पाहून आपले महाविद्यालय आधी ठरवावे, मग वर्गाची गरज किती ते ठरवावे. संविधानाची मराठी प्रत, ग्रंथालयातील वृत्तपत्रे, आकाशवाणीच्या बातम्या आणि प्रवेश परीक्षा कक्षाची माहितीपुस्तिका यांना जवळजवळ काहीच पडत नाही.

आम्हा चौघांपैकी दोघांनी केवळ सराव परीक्षांचा संच विकत घेतला. पूर्ण वर्गाच्या मानाने तो पुष्कळ स्वस्त पडला. एकीने इंग्रजीपुरता वर्ग लावला. मी इंग्रजीसाठी आमच्याच प्राध्यापकांना गाठले. ते मधल्या सुटीत उतारे सोडवून घेतात. तुलनेची ती वही ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी ती तेथेच बसून वाचावी आणि नवा वर्ग पाहिला तर त्याचे पान जोडावे.