पऱ्हाटीच्या मुलखात रोज एक ओळ

दिवाळीच्या सुमारास अमरावती-अकोल्याच्या काळ्या रानांत पऱ्हाटी फुटलेली असते. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही होतं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला जातो आणि कमरेला ओटी बांधून बाया तासात शिरतात. संध्याकाळी वेचलेल्या कापसाचं वजन होतं. पुढे तो बाजार समितीत जातो, जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि त्या दूरच्या गिरण्यांकडे रवाना होतात. काही महिन्यांनी तोच कापूस चादर होऊन, सदरा होऊन, इतकंच काय, तयार वातींचं पाकीट होऊन आपल्या घरी परत येतो.

तंतू इतका मुबलक असलेल्या या मुलखात तो हाताने हाताळण्याची सवय मात्र विरळ होत चालली आहे. आज अनेकांना स्वतःसाठी काहीतरी निर्माण करावंसं वाटतं. त्यासाठी शहरातल्या वर्गांची, महागड्या लोकरीची, परदेशी दोऱ्यांची वाट पाहिली जाते. मला मनापासून वाटतं की वऱ्हाडातल्या माणसाने सुरुवात दारातल्या कापसापासून करावी. कापूस, जुनं लुगडं, सुई आणि दिवसातली अर्धी घटका एवढ्या भांडवलावर आयुष्यभर पुरेल असा छंद उभा राहू शकतो.

कापूस गेला, कापड आलं

हाताचं सूत इथून कसं गेलं, ते थोडक्यात समजून घ्यायला हवं. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या गिरण्यांना तिथून मिळणारा कापूस आटला आणि त्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला आणि बडनेरा पार करून नागपूरला पोचली. त्याच रुळांवरून कच्चा कापूस बाहेर गेला आणि गिरणीचं सूत, गिरणीचं कापड आत आलं. घरोघरच्या सूतकताईला आणि गावोगावच्या मागांना त्यापुढे टिकाव धरणं कठीण झालं.

कापसाची जातही बदलत गेली. आपला देशी कापूस आखूड धाग्याचा आणि भरड. पुढे लांब धाग्याच्या अमेरिकन कपाशीने शेतं व्यापली आणि 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर संकरित वाणांचं राज्य आलं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मात्र देशी कपाशीवरही काम केलं. विद्यापीठाच्या देशी वाणांच्या नावापुढे ‘एकेए’ ही अक्षरं दिसतात.

एका बोंडात किती धागा

कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी. बोंड बंद असताना ती रसाने भरलेल्या नळीसारखी असते. बोंड उकललं की ती वाळते, चपटी होते आणि स्वतःभोवतीच पीळ घेते. हा नैसर्गिक पीळ असल्यामुळेच कापसाचे तंतू एकमेकांना धरून राहतात आणि त्यांचं सूत होतं. कापूस बोटांत धरून हलके ओढला तर ही पकड जाणवते.

भरलेल्या एका बोंडातून साधारण दीड ग्रॅम रुई निघते. सुताचा नंबर ठरवण्याची जुनी रीत अशी: एका पौंडात 840 यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका सुताचा नंबर. या हिशेबाने 20 नंबरचं सूत कातलं, तर एका ग्रॅममधून सुमारे 34 मीटर धागा निघतो. म्हणजे तळहातावर मावणाऱ्या एका बोंडात 50 मीटर धागा असतो. हा हिशेब कळला की कापसाकडे पाहण्याची नजर बदलते.

तंतूशी ओळख करून घेण्याची सगळ्यांत सोपी वाट आपल्या देवघरातच आहे. सरकी काढायची, कापूस बोटांनी पिंजायचा, त्याची पातळ पट्टी करायची आणि तळहातावर वात वळायची. लांब वात, फुलवात, देवाला वाहायची कापसाची वस्त्रं, चातुर्मासातल्या लक्ष वाती: वऱ्हाडातल्या कितीतरी आज्यांनी हे काम रोज ठरल्या वेळी केलं. त्याला कुणी कला म्हटलं नाही. पण रोजचा नेम, एकच साहित्य आणि हाताला हळूहळू येणारी सफाई या तिन्ही गोष्टी त्यात होत्या, आणि कोणत्याही कलेच्या सरावाला याच तीन गोष्टी लागतात.

वातीच्या पुढची पायरी टकळी. पिंजलेल्या रुईचा पेळू डाव्या हातात, टकळी उजव्या हातात. एक हात पीळ देतो, दुसरा तंतू सोडतो. आधी धागा जाड-बारीक येतो, तुटतो, पुन्हा जोडावा लागतो. काही दिवसांनी दोन्ही हातांचं जमतं. टकळीची गोडी लागली की पेटी चरखा घ्यावा. मिटल्यावर पिशवीत मावणारा हा चरखा गांधीजींच्या येरवड्यातल्या तुरुंगवासाच्या काळात घडत गेला. हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल, तर शेजारच्या वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ग्रामोद्योगांची आणि खादीची अवजारं तिथे जवळून पाहता येतात.

गोधडी: वापरलेल्या कापडाचा मान

सूत कातणं ज्याला फार वाटतं, त्याने सुई हातात घ्यावी. गोधडी, वऱ्हाडी बोलीत वाकय, ही आपल्याकडची सगळ्यांत मोकळी कलाकृती आहे. जमिनीवर जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर धोतराचे, सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे रचायचे, वरून दुसरं लुगडं घालायचं. कोपऱ्यांवर वजन ठेवून सगळे थर ताणून घ्यायचे. मग काठापासून धावदोरा घालत चौकोनाच्या आत चौकोन करत मध्याकडे जायचं. टाका लहान आणि ओळी जवळजवळ असल्या की गोधडी टिकते, कारण थर एकमेकांवरून सरकत नाहीत. सुती कापड धुऊन थोडं आटतं, टाक्यांच्या मधला भाग फुगतो आणि गोधडीवर त्या सुरेख सुरकुत्या उमटतात.

कोणता तुकडा कुठे जाईल हे तिथल्या तिथे ठरतं. लाल काठाला निळ्याची जोड द्यायची की पिवळ्याची, फाटका भाग कापायचा की ठिगळाखाली झाकायचा, या निर्णयांतून शिवणाऱ्याची नजर घडते. रंगसंगती शिकण्याची याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

वापरलेल्या कापडाला या मातीत आणखी एक मोठा मान मिळालेला आहे. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म झाला आणि त्यांचं बालपण अकोला जिल्ह्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी गेलं. 1905 मध्ये घर सोडल्यावर त्यांच्या अंगावर ठिगळं जोडलेलं वस्त्र असे. त्यावरून लोक त्यांना गोधडेबाबा, चिंधेबाबा म्हणत. हेच आपले गाडगेबाबा. ज्यांच्या नावाने आज अमरावतीचं विद्यापीठ आहे, त्या महापुरुषाने चिंध्यांचं वस्त्र आयुष्यभर अभिमानाने वागवलं. जुन्या कापडाला हात लावताना कमीपणा वाटणाऱ्याने त्यांची आठवण ठेवावी.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं असंच एक कापसाचं गाव आहे. तिथल्या बायका कापसाच्या मळ्यांत गुलाम म्हणून राबलेल्यांच्या वंशज. थंडीपासून बचाव करण्यासाठी त्या घरातल्या विटलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. 2002 मध्ये त्या गोधड्यांचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भरलं आणि चित्रकलेच्या जाणकारांनी त्यांच्यापुढे मान झुकवली. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर तिकिटं काढली. त्या बायकांनी शिवताना संग्रहालयाचा विचार केला नव्हता. त्यांनी हातात असलेल्या कापडाशी आणि आपल्या नजरेशी इमान राखलं. आपल्या वाकया त्यांच्याच सख्ख्या बहिणी आहेत.

सतरंजी, झूल आणि वाख

सुतापासून पुढे जायचं तर वऱ्हाडात वाटा पुष्कळ. अकोट आणि बाळापूरच्या सतरंज्यांना एकेकाळी मोठं नाव होतं. सतरंजीचं सौंदर्य पट्ट्यांत असतं. ताणा बाण्याखाली पूर्ण झाकला जातो, त्यामुळे रंगाचा खेळ सगळा बाण्याच्या सुतावर. घरी मोठा माग नसला तरी लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंनी खिळे ठोकून, त्यांवर सूत ताणून हातभर आसन विणता येतं. बाणा ठोकायला जुना कंगवाही चालतो.

पोळ्याच्या बैलांची झूल ही तुकडेजोड आणि भरतकाम यांची जत्राच. तांड्यांवरच्या बंजारा बायकांच्या फेटिया (घागरे) आणि कांचळ्यांवर (चोळ्यांवर) आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचे दाट टाके असतात. अंबाडीची भाजी आपण खातो. तिच्या खोडातून निघणारा वाख विसरलो आहोत. खोडं पाण्यात कुजवली की साल सुटते, वाख धुऊन वाळवला की त्याचे दोर वळता येतात. कासरे, दावी, मोरख्या पूर्वी अशाच घरी वळल्या जात.

दोराच्या गाठींतून केवढी कला उभी राहू शकते, हे मृणालिनी मुखर्जी यांनी दाखवलं. 1949 मध्ये मुंबईत जन्मलेल्या या शिल्पकर्तीने रंगवलेल्या दोरांना गाठी मारत माणसापेक्षा उंच शिल्पं घडवली. आधी आराखडा न काढता त्या थेट गाठींतून आकार वाढवत नेत. जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी पुढे त्या शिल्पांना जागा दिली.

तोरणातल्या झेंडूचा रंग

लक्ष्मीपूजनाचा झेंडू उकिरड्यावर टाकू नका. त्यात उत्तम पिवळा रंग आहे. आधी सुती कापड धुण्याच्या सोड्यात उकळून स्वच्छ करावं. 100 ग्रॅम कापडाला सुमारे 20 ग्रॅम हिरड्याची पूड पाण्यात भिजवून त्यात कापड रात्रभर ठेवावं, पिळून वाळवावं. मग 15 ते 20 ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात ते तासभर बुडवावं. दुसऱ्या भांड्यात कापडाच्या दुप्पट वजनाच्या पाकळ्या तासभर उकळाव्यात, पाणी गाळून घ्यावं आणि त्यात कापड मंद आचेवर तापवावं.

हिरडा का, तर कापसाला तुरटी नीट धरता येत नाही. हिरड्यातला तुरट अंश कापसाला चिकटतो, तो तुरटीला धरतो आणि तुरटी रंगाला. या रंगवलेल्या कापडाला लोखंडाच्या पाण्याचा स्पर्श झाला, तर पिवळ्याचा काळपट हिरवा होतो. कांद्याची साल, डाळिंबाची साल, बाभळीची साल, मेळघाटातला पळस यांचे प्रयोग याच रीतीने करता येतात. हळद लवकर रंगते, पण उन्हात तितकीच लवकर उडते. प्रत्येक रंगाचा एक तुकडा वहीत टाचून खाली प्रमाण लिहून ठेवावं. वर्षभरात ती वही तुमच्या गावाच्या रंगांचा कोश होईल.

नेम कसा टिकतो

छंद उत्साहाने सुरू होतात आणि नेमाने टिकतात. त्यासाठी वेळ ठरलेली हवी. दुपारची जेवणं उरकल्यानंतरची असो किंवा रात्रीच्या बातम्यांची; रोज तीच असावी. सामान एका पिशवीत, नजरेसमोर असावं. सुरुवातीला एकच साहित्य आणि दोन-तीनच रंग घ्यावेत. निवड कमी असली की हात लवकर चालतो आणि कल्पनेला काम मिळतं.

पहिलं वर्षभर तरी विक्रीचा विचार बाजूला ठेवावा. गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आलं की आपण लोकांना आवडेल तेच करतो आणि आपल्याला काय आवडतं हे कळायचं राहून जातं. वाकडा टाका उसवत बसू नये. पुढची ओळ सरळ घालावी. पहिल्या आणि शेवटच्या ओळीतला फरक हीच प्रगतीची नोंद असते.

सोबत मिळाली तर फारच छान. 2013 मध्ये ब्रिटनमधल्या एका व्यवसायोपचार नियतकालिकात विणकाम करणाऱ्या 3,545 जणांची जगभरातून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. जे अधिक वेळा विणतात, त्यांनी मन शांत आणि आनंदी राहत असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. गटात विणणाऱ्यांना माणसं जोडली गेल्याचा लाभही जाणवला. आपल्याकडे भिशी आहे, भजनी मंडळ आहे, बचत गट आहेत. महिन्यातली एक बैठक सुई-दोऱ्याची ठेवायला काय हरकत आहे? पुरुषांनीही या बैठकीत बसावं. पिंजणारे, दोर वळणारे, माग चालवणारे हात पुरुषांचेही होते.

पाडव्याला आरंभ

नेमका आरंभ हवा असेल तर बाळाचं दुपटं घ्यावं. लांबी 1 मीटर, रुंदी 75 सेंटिमीटर. मऊ झालेल्या सुती साडीचे तीन थर. दोन ओळींत एक सेंटिमीटर अंतर धरलं तर 75 ओळी होतात. दिवाळी पाडव्याला पहिली ओळ घातली आणि रोज एकच घालत गेलं, तर संक्रांतीच्या आगेमागे दुपटं पूर्ण होतं. दोन पदरी धागा धरला तर त्याला लागणारी रुई तीन-चार बोंडांची.

हे दुपटं नात्यातल्या एखाद्या बाळंतविड्यात जाईल. पांघरणारं बाळ त्याकडे कला म्हणून पाहणार नाही आणि तशी गरजही नाही. पण 75 दिवस रोज सुई धरलेल्या हाताला आता रंग, टाका आणि कापड यांविषयी स्वतःचं मत आलेलं असेल. दुसरं दुपटं कसं करायचं हे त्याला कुणाला विचारावं लागणार नाही, आणि शेजारच्या मुलीने सुई मागितली तर पहिली ओळ कशी घालायची हे तो हात तिला शिकवू शकेल. वऱ्हाडाने जगाला कापूस पुरवला. त्यातला थोडा आपल्या हातांसाठी राखून ठेवायचा हक्क आपला आहे, आणि तो यंदाच्या पाडव्यापासून बजावायला सुरुवात करावी.