अस्थिमज्जेतून हृदय घडतं का?

हृदयविकाराचा मोठा झटका आला, की काही तासांत डाव्या कप्प्यातल्या अब्जभर स्नायूपेशी मरू शकतात. त्या कप्प्यात मुळात असतात जेमतेम दोन ते चार अब्ज. कापलेली कातडी भरून येते, यकृत पुन्हा वाढतं. हृदयाच्या मेलेल्या स्नायूच्या जागी मात्र व्रण उरतो. तो आकुंचन पावत नाही. मग टूडी इकोच्या रिपोर्टवर पंचवीस किंवा तीस टक्के असा आकडा येतो आणि ‘पंपिंग कमी झालंय’ हे वाक्य घरात मुक्कामाला येतं. औषधांनी हृदयावरचा भार हलका होतो, आयुष्य वाढतं. गेलेला स्नायू परत येत नाही.

म्हणूनच एप्रिल २००१मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधाने खळबळ माजवली. डोनाल्ड ऑर्लिक, पिएरो अँव्हर्सा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका घडवून आणलेल्या उंदरांच्या हृदयात अस्थिमज्जेतल्या मूळपेशी टोचल्या होत्या. नऊ दिवसांत मेलेल्या भागाचा ६८ टक्के हिस्सा नव्या स्नायूने व्यापला, असा त्यांचा दावा होता. त्याच वर्षी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ इथे बोडो स्ट्राउअर यांनी माणसावर हा उपचार केलासुद्धा. पुढे तो अनेक देशांत पोहोचला.

पद्धत सोपी होती, हेच तिचं मोठं आकर्षण. कमरेच्या हाडात जाड सुई घालून साधारण पन्नास मिलिलिटर मज्जा ओढून घ्यायची, प्रयोगशाळेत तिच्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि अँजिओप्लास्टीसारखीच नळी घालून त्या हृदयाच्या रक्तवाहिनीत सोडायच्या. सोडताना नळीवरचा फुगा काही मिनिटांसाठी फुगवून रक्तप्रवाह अडवायचा, म्हणजे पेशी वाहून जाणार नाहीत. पेशी रुग्णाच्याच, त्यामुळे शरीर त्या नाकारण्याची भीती नाही.

तरीही पेशी थांबत नव्हत्या. हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी किरणोत्सारी खूण लावून त्यांचा माग काढला, तेव्हा तासाभराने जेमतेम एक ते अडीच टक्के पेशी हृदयात सापडल्या. बाकीच्या बहुतेक यकृतात आणि प्लीहेत गेल्या होत्या.

मूळ दावा तपासायला सिएटलच्या चार्ल्स मरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो प्रयोग केला, तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी अशा उंदरांची मज्जा घेतली, ज्यांच्यात पेशी हृदयाचा स्नायू झाली तरच तिचं केंद्रक निळं रंगतं. या मज्जेतल्या मूळपेशी इतर उंदरांच्या हृदयांत टोचल्या. मज्जेचा स्नायू झाला असता तर निळे ठिपके दिसायलाच हवे होते. १४५ रोपणं झाली. मज्जेचा स्नायू झाल्याचा पुरावा काही मिळाला नाही. हे २००४मध्ये त्याच ‘नेचर’मध्ये छापून आलं. स्टॅनफर्डच्या गटाचा निष्कर्षही तसाच होता.

तोवर माणसांवरच्या चाचण्या जोरात सुरू झाल्या होत्या. २००६मध्ये फ्रँकफर्टच्या चाचणीत पंपिंग अडीच टक्क्यांनी जास्त सुधारलेलं दिसलं, नॉर्वेच्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. २०१४मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा ४९ चाचण्यांचे अहवाल ओळीओळीने तपासले. त्यांत सहाशेहून अधिक विसंगती निघाल्या. ज्या चाचणीत चुका जास्त, तिचा फायदाही मोठा. ज्यांत एकही चूक नव्हती, त्यांचा सरासरी फायदा शून्याच्या आसपास. ऑक्टोबर २०१८मध्ये तर हार्वर्ड आणि ब्रिगहॅम रुग्णालयाने अँव्हर्सांच्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस केली. त्यांत बनावट विदा होती. या सतरा वर्षांत किती रुग्णांनी आशेने कमरेत सुई टोचून घेतली असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

मग काही रुग्णांना खरोखर बरं वाटलं, त्याचं काय? सिनसिनाटीच्या जेफरी मोल्केंटिन यांच्या गटाने २०१९मध्ये उंदरांवर एक विलक्षण गोष्ट दाखवली. मेलेल्या पेशी टोचल्या, इतकंच काय, यीस्टच्या पेशीभित्तिकेतलं रसायन टोचलं, तरी हृदयाचं काम सुधारत होतं. टोचण्यामुळे तिथे दाह होतो, रोगप्रतिकारक पेशी धावून येतात आणि व्रणाची घडण बदलते. म्हणजे श्रेय मूळपेशींचं नव्हतं.

हृदयाची स्वतःची दुरुस्तीही अत्यंत संथ आहे. शीतयुद्धाच्या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ वापरून स्टॉकहोमच्या योनास फ्रीसेन यांच्या गटाने २००९मध्ये ती मोजली. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का स्नायूपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्याने.

आज खरी आशा आहे ती वेगळ्या वाटेवर. शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेण्याची रीत शोधली, तिला २०१२चं नोबेल मिळालं. अशा पेशींपासून प्रयोगशाळेत धडधडणारा स्नायू तयार करून त्याचं ठिगळ हृदयावर शिवण्याचं काम जर्मनीत गटिंगनला चालू आहे. एका रुग्ण महिलेला पुढे हृदयप्रत्यारोपण करावं लागलं, तेव्हा काढलेल्या हृदयावर तो स्नायू तीन महिन्यांनंतरही जिवंत आढळला. २०२५च्या जानेवारीत हे प्रसिद्ध झालं. पण ठिगळ नाकारलं जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं घ्यावी लागतात, आणि चाचण्या अजून सुरुवातीच्याच टप्प्यात आहेत.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळपेशींचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या विशिष्ट आजारांसाठीचं मज्जारोपण. हृदयासाठी तो फक्त चाचणी म्हणून करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. तेव्हा कुणी लाखांचं पॅकेज पुढे केलं, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. तो मिळत नसेल तर तिथून उठा. आणि छातीत दुखू लागलं तर वाट न पाहता १०८ला फोन करा, कारण जगवता येणारा स्नायू त्या पहिल्या तासांतच वाचतो.