मंजुरीपत्रापासून ३१ जानेवारीपर्यंत

अनुदान मंजूर झाल्याची बातमी संस्थेच्या बैठकीत टाळ्या घेते. सोबत आलेले मंजुरीपत्र मात्र अनेकदा खजिनदार सोडून कोणीच वाचत नाही. वेल्स सरकारचा कारभार कार्डिफच्या कॅथेज पार्कमधून चालतो. तिथून स्वयंसेवी संस्थेला पैसे मिळणार असले की आधी हे पत्र येते. रक्कम किती, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत खर्च करायची, हप्त्याची मागणी कधी करायची, सोबत कोणते पुरावे जोडायचे, हे सगळे त्यात असते. पुढचा हिशेब याच पत्राच्या आधारे तपासला जातो.

समजा, कार्डिफच्या ग्रेंजटाउनमधल्या एका संस्थेला ज्येष्ठांच्या इंग्रजी वर्गासाठी एप्रिल ते मार्च या वर्षाकरता ३०,००० पौंड मंजूर झाले. शिक्षकांचा पगार १८,०००, जागेचे भाडे ६,०००, साहित्य ४,००० आणि व्यवस्थापन २,०००. पहिले काम म्हणजे पुस्तकात या पैशाची वेगळी नोंद ठेवणे. विशिष्ट कामासाठी मिळालेला पैसा त्याच कामाला बांधलेला असतो आणि तो संस्थेच्या इतर निधीपासून वेगळा दाखवावा लागतो. महाराष्ट्रातल्या ट्रस्टचा ताळेबंद ज्यांनी पाहिला आहे त्यांना ‘इयरमार्क्ड फंड’ ठाऊक असेल. इथला प्रकार त्याच जातीचा. बँकेत खाते एकच असले तरी बहुधा चालते, पण पुस्तकात सरमिसळ चालत नाही.

खरी गफलत होते ती भाड्यासारख्या सामाईक खर्चात. या संस्थेने आठवड्याला २० तास सभागृह घेतले आहे आणि वर्षाचे भाडे १०,००० पौंड आहे. इंग्रजीचा वर्ग १२ तास, उरलेले ८ तास योगवर्ग. म्हणून अनुदानावर ६० टक्के भाडे टाकले. ६,००० चा आकडा आला तो असा. ऑक्टोबरपासून इंग्रजीचा वर्ग १० तासांवर आला आणि ते दोन तास योगाला गेले, तर दुसऱ्या सहामाहीत अनुदानाचा वाटा ५० टक्के होतो. मग त्या सहामाहीचे ३,००० नव्हे, २,५०० पौंडच मागता येतात. अर्जात ६,००० लिहिले होते म्हणून ६,००० दाखवणे हा चुकीचा अहवाल, मग पावती कितीही खरी असो. वाचलेले ५०० पौंड पुस्तकांवर खर्च करायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्यावी. खर्च उरकून मग कळवणारे खजिनदार पुष्कळ भेटतात, आणि अधिकाऱ्याने नकार दिला की तो खर्च संस्थेच्या गंगाजळीतून जातो.

पगाराचेही तसेच. शिक्षिका दोन प्रकल्पांत काम करत असेल तर तिचे कोणते तास कुठले, याची नोंद त्या त्या आठवड्यातच व्हायला हवी. मार्चअखेर आठवून भरलेला तक्ता तपासनिसाला लगेच ओळखू येतो. मार्चची वीज वापरली पण बिल एप्रिलमध्ये आले, तर जमा-देय पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या संस्थेत तो खर्च मार्चचाच. हे एवढेसे बिल विसरले तर दोन्ही वर्षांचे आकडे चुकतात.

मागणीच्या तारखेचे महत्त्व हप्त्याच्या वेळी कळते. अनुदान अनेकदा खर्च झाल्यावर, मागणीपत्र पाहून हप्त्याने दिले जाते. मागणी महिनाभर उशिरा गेली तर हप्ताही लांबतो आणि तोवर पगार गंगाजळीतून भागवावे लागतात. लहान संस्थेकडे गंगाजळी असतेच किती?

वर्ष संपल्यावर दुसरी फेरी सुरू होते, आणि ती अनुदानाच्या अहवालापेक्षा निराळी असते. संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर कार्डिफमध्येच मुख्यालय असलेल्या कंपनीज हाउसकडे नऊ महिन्यांत हिशेब द्यावे लागतात. म्हणजे ३१ मार्चला वर्ष संपले तर ३१ डिसेंबर. उशीर झाला तर दंड १५० पौंडांपासून सुरू होतो, सहा महिने उलटले की १,५०० होतो आणि सलग दुसऱ्या वर्षी उशीर झाला तर दुप्पट. धर्मादाय संस्था म्हणून सवलत नाही. धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनची मुदत दहा महिन्यांची, म्हणजे ३१ जानेवारी. ती चुकली तर सार्वजनिक नोंदवहीत संस्थेच्या नावापुढे तसे दिसते, आणि नवे अनुदान देणारा पहिल्यांदा तिथेच डोकावतो. आपल्याकडे केंद्राच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचे असते. त्या मानाने इथली मुदत थोडी आखूड.

हे सगळे नियम असूनही वेल्समध्ये मोठी फसगत झाली आहे. स्वान्सीतली ऑल वेल्स एथ्निक मायनॉरिटी असोसिएशन ही संस्था २०१२ मध्ये बंद पडली. गैरव्यवहाराच्या तक्रारींनंतर सरकारने निधी थांबवला होता. त्याआधी दशकभरात वेल्स सरकारने तिला ७० लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये वेल्सच्या महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. त्याने केवळ संस्थेवर बोट ठेवले नाही. पैसे देणाऱ्या सरकारची देखरेखच दुबळी होती, असेही सांगितले. माझ्या मते या प्रकरणातला हा भाग जास्त महत्त्वाचा आहे. अहवाल वेळेवर मागायचा आणि आल्यावर वाचायचा नाही, तर संस्थेचा खजिनदार कितीही चोख असला तरी उपयोग काय?

विश्वस्तांनाही हेच लागू पडते. कायद्याने जबाबदारी सगळ्या विश्वस्तांची आहे, एकट्या खजिनदाराची नाही. परदेशात मंडळ किंवा सेवाभावी संस्था चालवणाऱ्या आपल्या मंडळींनी विश्वस्तपद स्वीकारण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. चालू अनुदानांची मंजुरीपत्रे मागून वाचावीत आणि गेल्या वर्षीचे हिशेब कोणत्या तारखेला दाखल झाले ते सार्वजनिक नोंदवहीत पाहावे. दुसऱ्या कामाला पाच मिनिटे लागतात आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.