भिंतीकडेने पळणारा उंदीर

घरात शिरलेला उंदीर खोलीच्या मधून सहसा जात नाही. भिंतीच्या कडेकडेने पळतो. अमरावती-अकोल्याकडे ज्यांच्या घरी धान्य साठवतात, त्या विद्यार्थ्यांनी हे अनेकदा पाहिलेले असते. उघड्यावर मांजराची, घुबडाची भीती. पण कोपऱ्यातच दडून राहिले तर दाणा कसा मिळणार? सावधपणा आणि शोध यांचा तोल उंदराच्या मेंदूला सतत सांभाळावा लागतो.

प्रयोगशाळेत हाच तोल मोजतात. जमिनीपासून उंचावर अधिक चिन्हाच्या आकाराचा एक मार्ग असतो. त्याच्या दोन भुजांना भिंती असतात, दोन उघड्या असतात. उंदीर उघड्या भुजांवर जितका कमी वेळ घालवील, तितके त्याचे वर्तन चिंतेकडे झुकलेले मानतात. त्याला काय वाटते हे विचारता येत नाही, म्हणून याला ‘चिंतासदृश वर्तन’ म्हणतात.

हा तोल कोणा एका चेतापेशीच्या हाती नसतो. अग्रमस्तिष्कातील हिप्पोकॅम्पस, अमिग्डला यांसारख्या भागांना जोडणारी चेतापेशींची मंडले तो ठरवतात. त्यांत काही पेशी पुढच्या पेशीला उत्तेजित करतात, काही तिला आवरतात.

पिल्लांची आईपासून वारंवार ताटातूट केली, तर ती मोठेपणी अधिक चिंतातुर होऊ शकतात, हे अनेक प्रयोगांत दिसले होते. मग बालपणी मंडलांतील क्रियाशीलता वाढणे एवढेच यासाठी पुरेसे आहे काय? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. विदिता वैद्य यांच्या गटाने हा प्रश्न हाती घेतला. त्यांनी वापरलेल्या उंदरांच्या अग्रमस्तिष्कातील उत्तेजक चेतापेशींवर जनुकीय तंत्राने एक कृत्रिम ग्राही बसवलेला होता. हा ग्राही म्हणजे कुलूप, आणि ठरावीक औषध ही त्याची किल्ली. औषध दिले की त्या पेशी अधिक क्रियाशील होतात.

जन्मानंतर 2 ते 14 दिवसांत, म्हणजे पिल्लांचे डोळे उघडण्याच्या सुमारापर्यंत, हे औषध दिले. पुढे ते थांबवले. तरीही मोठेपणी या उंदरांत चिंतासदृश वर्तन वाढलेले आढळले. तेच औषध किशोरवयात किंवा प्रौढपणी दिले, तेव्हा असा टिकाऊ परिणाम झाला नाही. हे निष्कर्ष 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच पेशी बालपणी मंदावल्या तर काय, हेही या गटाने पाहिले. 2022 च्या अहवालानुसार त्याने मोठेपणीचे वर्तन बदलले नाही.

यावरून मुलांविषयी घाईने निष्कर्ष काढू नयेत. उंदराचे 14 दिवस आणि बालकाची वर्षे यांचे सरळ गणित मांडता येत नाही. शिवाय, बुजरा विद्यार्थी ‘असाच घडला’ असा शिक्का मारायलाही हा प्रयोग आधार देत नाही.

वर्गात मात्र एक प्रश्न जरूर विचारावा: किशोर आणि प्रौढ उंदरांवर तोच प्रयोग केला नसता तर? ‘त्या पेशी उत्तेजित झाल्या की चिंता कायमची वाढते’ एवढेच आपण म्हटले असते. त्या दोन गटांमुळेच कळले की काय घडले याइतकेच केव्हा घडले, यालाही महत्त्व आहे.